घरच्या वायफायवर फोल्डर शेअर करताय? या चुका टाळा

विंडोजवर फोल्डर शेअर करून तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला नाही, की लोक सगळ्यात आधी फायरवॉल (नेटवर्कवरून आत येणारी नको ती वाहतूक अडवणारी विंडोजची सोय) बंद करतात. कृपा करून हे करू नका. घरचं वायफाय बऱ्याचदा ‘पब्लिक’ (म्हणजे परकं, सार्वजनिक) म्हणून नोंदलं गेलेलं असतं, म्हणून विंडोज शेअरिंगची वाट अडवतं, आणि ते बरोबरच आहे. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, मग ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू आहेत ना ते बघा. एवढ्यावर भागतं. बंद केलेली फायरवॉल मात्र नंतर कुणी आठवणीने चालू करत नाही, आणि तोच लॅपटॉप उद्या बाहेरच्या वायफायला जोडला जातो.

दुसरी चूक पिनची. एका ओळखीच्यांकडे गेलो, तर त्यांनी फायरवॉल बंद केली होती, पासवर्डचं संरक्षण काढलं होतं, ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, फुल कंट्रोल दिला होता आणि कुठलासा जुना व्हिडिओ बघून एसएमबी १ (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) सुद्धा चालू केलं होतं. तरीही दुसऱ्या लॅपटॉपवर युजरनेम-पासवर्डची चौकट येतच होती, आणि त्या चौकटीत ते लॉगिनचा चार आकडी पिन टाकत होते! पिन फक्त ज्या मशीनवर ठेवला त्याच मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. पासवर्ड टाकल्याबरोबर फोल्डर उघडला. बाकीची उघडी टाकलेली दारं एकेक करून लावण्यात मात्र संध्याकाळ गेली.

त्यातलं एसएमबी १ सगळ्यात वाईट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तो विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढत आणला. ‘नेटवर्क’मध्ये दुसरा कॉम्प्युटर दिसावा म्हणून तो परत आणायची काहीच गरज नाही. आयकॉन दिसला नाही तरी फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\ आणि लगेच त्या कॉम्प्युटरचं नाव टाइप करा. बहुतेकदा फोल्डर समोर येतो.

माझी स्वतःची पद्धत अशी: ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे शेअरिंगपुरतं एक वेगळं लोकल खातं (फक्त त्याच कॉम्प्युटरवरचं) काढायचं, त्याला पासवर्ड द्यायचाच (बिनपासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही) आणि परवानगी फक्त त्या खात्याला द्यायची. दुसऱ्या मशीनवर युजरनेम लिहिताना आधी पहिल्या कॉम्प्युटरचं नाव, मग \ आणि मग खात्याचं नाव. पाच मिनिटं जास्त लागतात. ज्यांना ती पाच मिनिटं नको असतात, तेच पुढे ‘एव्हरीवन’कडे वळतात.

परवानग्या दोन ठिकाणी असतात, हेही घाईत सुटतं. ‘शेअरिंग’ टॅबमधली एक, ‘सिक्युरिटी’ टॅबमधली दुसरी, आणि दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. फोल्डर उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, तेव्हा दोन्ही टॅब बघा.

पूर्ण सी ड्राइव्ह शेअर करू नका. कधीच नाही.

एक मशीन गेस्ट वायफायवर आणि दुसरं मुख्य वायफायवर असेल तर ती एकमेकांना दिसणार नाहीत. गेस्ट नेटवर्क त्यासाठीच असतं.

कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) लिहून ठेवू नका, राउटर तो बदलू शकतो. कॉम्प्युटरचं नाव वापरा.

काल चालत होतं आणि आज नाही? आधी समोरचं मशीन स्लीपमध्ये गेलंय का बघा. नसेल, आणि मधे पासवर्ड बदलला असेल, तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुनी नोंद काढून टाका आणि पुन्हा लॉगिन करा.