सुप्रीम कोर्टात क्रिमिनल एसएलपी लावताय? या चुका टाळा

हायकोर्टाने शिक्षा कायम केली की घरचे म्हणतात, "वर जाऊ." वर जाता येतं, पण हक्काने नाही. घटनेच्या कलम 136 खाली आधी परवानगी मागावी लागते, तीच एसएलपी (स्पेशल लीव्ह पिटिशन). एक अपवाद मात्र आधी तपासा. सेशन्स कोर्टाने निर्दोष सोडलेल्याला हायकोर्टाने निकाल फिरवून फाशी, जन्मठेप किंवा किमान 10 वर्षांची शिक्षा दिली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 420 नुसार (जुन्या सीआरपीसीचं कलम 379) थेट अपील होतं. तिथे एसएलपी लावणं म्हणजे हातचा हक्क घालवणं.

सर्वांत महाग पडते ती सरेंडरची (स्वतःहून कोठडीत हजर होण्याबाबतची) चूक. अपील फेटाळलं की आधीचा जामीन संपतो. कैदेची शिक्षा असेल तर सरेंडर केल्याचा पुरावा एसएलपीला जोडावा लागतो. तो नसेल आणि सरेंडरमधून सूट मागणारा वेगळा अर्जही नसेल, तर प्रकरण बोर्डावरच (सुनावणीच्या यादीतच) येत नाही. अशी सूट सहज मिळेल असं धरून चालू नका.

मुदत निकालापासून 90 दिवस, फाशीच्या प्रकरणात 60. निकालाच्या प्रमाणित नकलेला लागलेले दिवस वजा होतात, पण नकलेचा अर्ज देण्याआधीचे नाहीत. 40 दिवस थांबून अर्ज दिलात तर ते 40 गेलेच. म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज टाका. उशीर झालाच, तर उशीर माफ करण्याच्या अर्जात "घरगुती अडचण" एवढं लिहून भागत नाही. तारीखवार कारण आणि कागद द्या.

मुद्दे लिहिताना साक्षीपुरावा पुन्हा पहिल्यापासून उगाळू नका. दोन्ही कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला असेल तर सुप्रीम कोर्ट सहसा त्यात शिरत नाही; 1950 च्या प्रीतम सिंग निकालापासून हीच भूमिका आहे. नेमकी चूक दाखवा: शिक्षेला आधार ठरलेली बाब आरोपीच्या जबाबात (जुनं कलम 313) त्याला विचारलीच नव्हती का? महत्त्वाची उलटतपासणी निकालात वगळली गेली का? पान क्रमांकासह लिहा. खालच्या कोर्टात नसलेला कागद गुपचूप जोडू नका. त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो.

महाराष्ट्रातल्या प्रकरणांत हमखास अडतं ते मराठी पंचनामे आणि जबाबांपाशी. इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं, आणि पुसट झेरॉक्स असेल तर टंकलिखित प्रतही. पंचनाम्यातली वेळ किंवा वस्तूचं वर्णन भाषांतरात बदललं तर तुमचाच मुद्दा कोसळतो, म्हणून मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा.

एसएलपी वकिलामार्फत लावायची तर तो ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डच (सुप्रीम कोर्टात प्रकरण दाखल करण्यासाठी नोंदलेला वकील) हवा. पैसे नसतील तर कैद्याला कारागृह अधीक्षकांमार्फत अर्ज पाठवता येतो, आणि कोठडीतल्या व्यक्तीला सुप्रीम कोर्ट विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागता येतो.