लैंगिक अत्याचारानंतरचे पहिले तास : जवळच्यांनी या चुका टाळा

मुलगी, बहीण किंवा मैत्रीण येऊन असं काही सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडून हमखास निघतं, "आधी आंघोळ करून घे, कपडे बदल." म्हटलेलं असतं मायेनंच. पण पुढे कोर्टात जे लागतं, ते त्या बादलीभर पाण्यात वाहून जातं.

लाळ, वीर्य, नखांत अडकलेले त्वचेचे कण यांवरून डीएनए मिळतो. म्हणून तपासणी होईपर्यंत आंघोळ, अंग पुसणं, केस विंचरणं, नखं कापणं शक्यतो थांबवा. तोंडावाटे अत्याचार झाला असेल तर चूळही भरू नये. लघवीला जावं लागलं तर जरूर जावं, फक्त पुसू नये. पुसलंच तर तो कागद किंवा कापड ठेवून द्यावं. गुंगीचं काही पाजल्याची शंका असेल तर ती पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरा. काही औषधं साधारण बारा तासांत लघवीतूनही दिसेनाशी होतात.

आंघोळ होऊन गेली असेल तर? तरीही दवाखान्यात जा. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात. ७२ तासांनंतर काही सापडण्याची शक्यता बरीच घटते, एवढंच. जखमांची नोंद आणि उपचार त्यानंतरही होतातच.

कपडे प्लास्टिकच्या पिशवीत

ही चूक फार होते. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. पिशवी नसेल तर कोरा कागद चालेल. ओला असेल तर सावलीत वाळवा, झटकू नका. कपडे बदलले असतील तर दोन्ही जोड सोबत न्या. त्या वेळची चड्डी आणि पॅड विसरू नका, नेमकं तेच घरी राहतं.

"आधी पोलीस, मग दवाखाना"

उलटं करा. तपासणीसाठी एफआयआर लागत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाला पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करावेच लागतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७). नाकारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. काउंटरवर "आधी पोलिसांचं पत्र आणा" असं ऐकवलं तर हे कलम शांतपणे सांगा. रुग्णालय पोलिसांना कळवेल. तक्रार द्यायची नसेल तर तसं केसपेपरवर लिहून घ्या.

पुराव्याच्या गडबडीत औषधं राहून जातात, आणि त्यांची मुदत कमी असते. एचआयव्ही टाळण्यासाठीची पीईपी औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची गोळीही शक्यतो ७२ तासांत घ्यावी. गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली तर डॉक्टरांना सांगा, पुन्हा घ्यावी लागते. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल तुम्हीच विचारा.

तपासणीला तिची संमती हवी. एखादा टप्पा नको असेल तर ती नकार देऊ शकते. त्यामुळे उपचार थांबत नाहीत. 'टू फिंगर टेस्ट' (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) कोणी करू पाहिली तर ठाम नकार द्या. ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मुका मार दुसऱ्या दिवशी काळानिळा दिसतो, तेव्हा एक-दोन दिवसांनी पुन्हा जाऊन नोंद करून घ्या.

"ही आमची हद्द नाही"

हे ऐकून परत फिरू नका. कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे जातो. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, नंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. असा गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. तातडीची मदत हवी असेल तर ११२, महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८.

रागाच्या भरात चॅट डिलीट करणं

संशयिताला ब्लॉक करा, पण संदेश पुसू नका. आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर आधी नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फोन मात्र मूळचाच जपा, रीसेट करू नका. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते ताब्यात घ्यायला पोलिसांना लेखी सांगा.

मांडवली

गावातली चार वडीलधारी मंडळी बसून "पोरीचं लग्न व्हायचंय" म्हणत मिटवतात. मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल तर पोक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ नुसार माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. राहिला बदनामीचा धाक. पीडितेची ओळख छापणं किंवा पसरवणं हाही गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर सहानुभूतीनेही तिचं नाव टाकू नका.

महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं. त्यासाठी एफआयआरची प्रत आणि वैद्यकीय कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. वकीलही तिथून मोफत मिळतो.