लठ्ठपणात रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी आतड्याचा विचार करून आहार कसा आखावा

वजन वाढलेल्या व्यक्तीच्या रक्तातील साखर वाढू लागली की ‘गोड बंद करा आणि कमी खा’ असा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कारण जेवणानंतर साखर किती वेगाने आणि किती उंच चढणार, हे खाल्लेले अन्न आतड्याच्या वरच्याच भागात शोषले जाते की खालपर्यंत पोहोचते, यावरही बरेच अवलंबून असते. आहार आखताना हा एक मुद्दा पक्का लक्षात ठेवला, तर पुढच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप समजतात.

मैदा, साखर, शीतपेये आणि फळांचे गाळलेले रस लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच पचून रक्तात उतरतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात मात्र ‘जीएलपी-१’ नावाचे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी अधिक दाट असतात. हे संप्रेरक जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते, साखर वाढलेली असताना स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास उद्युक्त करते आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचवते. तेवढेच ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी तोंडाने दिले तर इन्सुलिन कितीतरी अधिक स्रवते, हे १९६०च्या दशकातच दिसून आले होते. या जादा स्रावामागे आतड्यातील संप्रेरके असतात. टाइप २ मधुमेहात हा परिणाम क्षीण होतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वजन कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाची नक्कल करतात, म्हणून ‘नैसर्गिक जीएलपी-१ वाढवणारे पदार्थ’ अशा जाहिराती दिसतात. शरीरात तयार होणारे जीएलपी-१ अवघ्या काही मिनिटांत नष्ट होते, तर सेमाग्लुटाइडचा प्रभाव आठवडाभर टिकतो. आहाराचा परिणाम खरा आहे, पण तो औषधाच्या तोडीचा नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशाच होईल.

तंतुमय पदार्थ: किती आणि कसे वाढवावेत

न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात पोहोचला की तेथील जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे, शिवाय ही मेदाम्ले जीएलपी-१ स्रवणाऱ्या पेशींनाही चालना देतात. उंदरांवरील प्रयोगांत तंतुमय अन्न बंद केल्यावर जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक श्लेष्माच खाऊ लागल्याचे आढळले आहे. माणसांत नेमके किती प्रमाणात असे घडते, हे त्यावरून ठरवता येत नसले, तरी जिवाणूंना त्यांचे अन्न मिळालेच पाहिजे, एवढे त्यातून स्पष्ट होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी अन्नातून दररोज किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ आणि ४०० ग्रॅम भाज्या व फळे अशी शिफारस केली आहे. शिजवलेल्या डाळीच्या किंवा कडधान्याच्या अर्ध्या कपातून साधारण ७-८ ग्रॅम, तर सालासकट मध्यम आकाराच्या सफरचंदातून सुमारे ४ ग्रॅम तंतू मिळतात. आधी चार-पाच दिवस आपण जे खातो ते जसेच्या तसे लिहून काढावे आणि आपण कोठे उभे आहोत ते पाहावे. त्यानंतर दर आठवड्याला ३ ते ५ ग्रॅम एवढीच वाढ करावी. एकदम वाढ केली तर पोट फुगते, वायू होतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस सारेच सोडून देतो. तंतू वाढवताना पाणीही वाढवावे, नाहीतर उलट बद्धकोष्ठता होते.

आहार बदलल्यावर आतड्यातील जिवाणूंचे प्रमाण काही दिवसांतच बदलते, आणि जुन्या आहाराकडे परतल्यावर तेवढ्याच झटपट पूर्ववत होते, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. म्हणूनच आठवडाभराच्या ‘शुद्धीकरण’ आहारापेक्षा कायम जमेल एवढा छोटा बदल अधिक उपयोगाचा, असे माझे ठाम मत आहे.

अन्नाचे रूप आणि क्रम

तेच अन्न वेगळ्या रूपात खाल्ले तर शरीराचा प्रतिसाद बदलतो. १९७७ सालच्या एका प्रयोगात काही निरोगी व्यक्तींना अख्खी सफरचंदे, त्यांचा गर आणि त्यांचा रस असे तिन्ही प्रकार दिले गेले. रसाने इन्सुलिन अधिक वाढले, नंतर साखर अधिक खाली घसरली आणि पोट सर्वात कमी वेळ भरलेले वाटले. धान्याचेही असेच आहे: अख्खे दाणे किंवा जाडसर भरड सावकाश पचते, बारीक दळलेले पीठ लवकर पचते. त्यामुळे पाकिटावर ‘संपूर्ण धान्य’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये, तर मागचा तक्ता वाचावा. दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे किमान १ ग्रॅम तंतू, ही धान्याच्या पदार्थांसाठी एक सोपी ढोबळ कसोटी आहे.

क्रमाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण तो बदलायला काहीच खर्च येत नाही. भाज्या आणि प्रथिने आधी व पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. लठ्ठपणा व टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्तींवर केलेल्या २०१५च्या एका छोट्या अभ्यासात हा फरक ठळकपणे दिसला होता. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्यास स्नायू साखर वापरतात. रात्री उशिराचे भरपेट जेवण टाळावे, कारण संध्याकाळनंतर शरीर साखर हाताळण्यात मंदावते.

स्वतःच्या शरीराची चाचणी कशी घ्यावी

इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली ८०० व्यक्तींच्या साखरेची सलग नोंद ठेवली, तेव्हा एकाच पदार्थाने एकाची साखर झपाट्याने वाढते तर दुसऱ्याची जेमतेम हलते, असे आढळले. तेव्हा ‘या फळाने साखर वाढते’ अशा सरसकट यादीपेक्षा स्वतःची नोंद मोलाची.

त्यासाठी ग्लुकोमीटर, म्हणजे घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे छोटे यंत्र, पुरेसा आहे. बोटावर फळाचा किंवा गोडाचा अंश राहिला तर आकडा खोटाच वाढलेला येतो, म्हणून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुई बोटाच्या टोकाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावी, म्हणजे कमी दुखते. जेवणाआधी, पहिला घास घेतल्यापासून एक तासाने आणि दोन तासांनी, असे तीन आकडे लिहावेत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच जेवण, तेवढ्याच प्रमाणात, पण फक्त क्रम बदलून घ्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. क्रम, प्रमाण आणि चालणे एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. अपुरी झोप, ताण आणि सर्दी-तापानेही साखर वाढते, तेव्हा त्याचीही नोंद शेजारी करावी.

वजनाचा प्रश्न बाजूला राहत नाही

पोटातील आणि यकृतातील चरबी साठलेलीच राहिली, तर यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि उपाशीपोटीही साखर सोडत राहते. तंतू आणि क्रम यांनी जेवणानंतरची साखर कमी होते, पण सकाळची साखर खाली आणायची तर बहुधा वजनच उतरावे लागते. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध अभ्यासात (२००२) सुमारे ७ टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. अतिप्रक्रिया केलेले तयार खाद्यपदार्थ कमी करणे येथे फार उपयोगी ठरते: २०१९ सालच्या एका नियंत्रित प्रयोगात असे पदार्थ मनसोक्त खाण्यास दिल्यावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त घेतल्या, आणि तीही नकळत.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके कमी करण्यापूर्वी मात्रेबद्दल विचारलेच पाहिजे, कारण साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार, जठर सावकाश रिकामे होण्याचा त्रास किंवा नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांना तंतूंची वाढ त्रासदायक ठरू शकते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे आहारातील बदलाचा परिणाम पाहण्यासाठी एचबीए१सी तपासणी (तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी) तीन महिन्यांनी करावी आणि तपासणीच्या दिवशी नोंदवही सोबत न्यावी, म्हणजे औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टरांना त्या नोंदींचा आधार मिळतो.