परफ्यूममध्ये काळी मिरी: तेल निवडण्यापासून सूत्र मुरवण्यापर्यंत

मिरीचं तेल पहिल्यांदा हुंगणाऱ्याची बहुतेक वेळा निराशा होते. नाकाला झोंबणारं काहीतरी मिळेल अशी अपेक्षा असते आणि हाती येतो तो हलका, कोरडा, किंचित लिंबाळ, लाकडाकडे झुकणारा वास. यात तेलाची खोट नसते. मिरीचा तिखटपणा पायपरीनमुळे येतो, आणि पायपरीन वाफेबरोबर उडत नाही. ऊर्ध्वपातनात ते भांड्यातच राहतं. तेलात उतरतात ती फक्त उडणारी द्रव्यं: आल्फा-पायनीन, बीटा-पायनीन, सॅबिनीन, लिमोनीन, डेल्टा-३-कॅरीन ही हलकी मोनोटर्पीन्स आणि त्यांच्यामागे जड बीटा-कॅरिओफायलीन.

परफ्यूममध्ये मिरी वापरायची ती या कोरडेपणासाठी आणि चपळपणासाठी. अडचण एवढीच, की मोनोटर्पीन्स भराभर उडतात आणि अर्ध्या तासात मिरी संपल्यासारखी वाटते. अशा वेळी आणखी तेल ओतण्याचा मोह होतो. तो टाळा. जास्त तेलामुळे सुरुवात कर्कश होते, टिकाऊपणा मात्र वाढत नाही. मिरी टिकवायची असेल तर तिचा मागचा, लाकडी भाग दुसऱ्या द्रव्यांनी धरून ठेवावा लागतो. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं.

कोणता अर्क घ्यायचा

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार मिळतात. वाफेवर काढलेलं तेल पातळ, रंगहीन ते फिकट हिरवट असतं. त्याचा वास स्वच्छ आणि वर उसळणारा. कार्बन डायऑक्साइडने काढलेला अर्क दाट असतो आणि ताज्या भरडलेल्या मिरीच्या बराच जवळ जातो, कारण त्यात उष्णतेने बिघडणारी नाजूक द्रव्यं वाचतात. या पद्धतीत ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बारच्या वरचा दाब पुरतो. पण काही अर्कांत पायपरीनही ओढलं जातं. असा अर्क गार झाला की तळाशी स्फटिक दिसतात. कार्बन डायऑक्साइडचा अर्क घ्यायचा असेल तर 'सिलेक्ट' प्रकारचा, म्हणजे मुख्यतः उडणारा भाग असलेला, घ्यावा आणि तेलाच्या निम्म्या प्रमाणात वापरून सुरुवात करावी.

पांढरी मिरी पर्याय म्हणून वापरू नका. साल सुटावी म्हणून दाणे पाण्यात कुजवतात, त्यात पॅरा-क्रेसॉल आणि स्कॅटोलसारखी द्रव्यं तयार होऊन गोठ्याची छटा येऊ शकते. गुलाबी मिरी तर वेगळ्याच झाडाची, शायनसची फळं. तिचा वास फुलांकडे जाणारा आणि फसफसता असतो. तीही चांगली, पण काळ्या मिरीची जागा ती घेत नाही.

मिरीदाणे अल्कोहोलमध्ये भिजवून घरी अर्क काढायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. दहा-पंधरा दिवसांत रंग सुरेख उतरतो, वास मात्र फिका राहतो. अल्कोहोल पायपरीन चांगलं विरघळवतं. मिरीत वजनाच्या साधारण ५ ते ९ टक्के पायपरीन असतं, त्यामुळे २० ग्रॅम भरड १०० ग्रॅम अल्कोहोलमध्ये भिजवली तर द्रावणात ग्रॅमभर किंवा त्याहून जास्त पायपरीन जाऊ शकतं. त्याला वास नाही, पण ते त्वचेवर राहतं, चुरचुरतं, कपड्यावर पिवळा डाग पाडतं आणि स्प्रेचं छिद्र बुजवतं. वास ओळखण्याचा सराव म्हणून असा अर्क जरूर काढा. अंगाला लावायच्या परफ्यूममध्ये घालू नका.

तेल तपासणं

तेलाचं १० टक्के द्रावण करा: १ ग्रॅम तेल आणि ९ ग्रॅम परफ्यूमरी दर्जाचं ९५-९६ टक्के इथेनॉल. थेंब मोजू नका. थेंबाचं वजन तेलागणिक आणि ड्रॉपरगणिक बदलतं; ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवाच. गंधपट्टीचं (वास तपासायच्या कागदी पट्टीचं) टोक सेंटिमीटरभर बुडवा, पट्टीवर नाव आणि वेळ लिहा, आणि लगेच, १० मिनिटांनी, अर्ध्या तासाने, २ तासांनी आणि दुसऱ्या दिवशी हुंगा.

चांगल्या तेलात पहिली काही मिनिटं पायनीनचा थंड, राळेसारखा झोत येतो. तो ओसरला की खरी मिरी दिसते. दोन तासांनी मऊ, कोरडा लाकडी वास उरायला हवा, तो कॅरिओफायलीनचा. दोन तासांनी पट्टी कोरीच वाटली तर तेलात टर्पेंटाइन किंवा लिमोनीन मिसळलेलं असण्याची, नाहीतर ऊर्ध्वपातन मध्येच थांबवल्याची शक्यता असते. मिरीच्या ऊर्ध्वपातनात हलकी द्रव्यं आधी येतात आणि जड द्रव्यं शेवटी. घाईने भट्टी बंद केली की तेल फक्त कर्कश उरतं. नाकाची तपासणी इथवरच पोचते. मोठी खरेदी करताना त्या खेपेच्या तेलाचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल, म्हणजे तेलात कोणती द्रव्यं किती आहेत ते दाखवणारा, मागावा.

एक गोष्ट आधीच माहीत असावी. दळलेल्या मिरीचा जो नेमका 'मिरीपणा' आहे, त्यात रोटंडोन या द्रव्याचा मोठा वाटा आहे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझ वाइनमधल्या मिरीसारख्या वासाचा माग काढताना ते मिरीतही ओळखलं. पाण्यात लिटरला ८ नॅनोग्रॅम एवढं अत्यल्प रोटंडोनही नाकाला कळतं. पण त्याच चाचणीत सुमारे एक पंचमांश लोकांना ते कितीतरी जास्त प्रमाणातही जाणवलं नाही. म्हणून मिरीच्या सूत्राचा निवाडा एकट्याच्या नाकावर करू नका. आणखी तीन-चार जणांना पट्टी द्या, आणि काय वास यायला हवा ते आधी सांगू नका.

मिरीचा अकॉर्ड

रोटंडोन हे नाव नागरमोथ्याच्या शास्त्रीय नावावरून, सायपेरस रोटंडसवरून आलं, कारण ते आधी तिथे सापडलं होतं. परफ्यूम बनवणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. नागरमोथ्याचं तेल जड आहे, पट्टीवर दिवसभर राहतं, आणि थोडंसं घातलं तर मिरीचीच सावली लांबवल्यासारखं काम करतं. पाचोलीचीही साथ मिळते. तिच्यातल्या आल्फा-ग्वायीनचं हवेत ऑक्सिडीकरण होऊन रोटंडोन तयार होतं. मात्र पाचोलीचा स्वतःचा मातकट, गोडसर सूर पुढे येतो, म्हणून खालच्या सूत्रात ती घेतलेली नाही.

२० ग्रॅम अकॉर्डसाठी (अकॉर्ड म्हणजे मिळून एकच वास वाटावा असं अनेक द्रव्यांचं मिश्रण):

मिरीचं तेल: ६.८ ग्रॅम
आयसो ई सुपर (कृत्रिम, लाकडी वासाचं द्रव्य): ६.० ग्रॅम
एलेमी (एका झाडाच्या राळेचं) तेल: २.० ग्रॅम
व्हर्जिनिया सीडारवुड तेल: २.० ग्रॅम
ऑलिबॅनम (फ्रँकिन्सेन्स राळेचं) तेल: १.६ ग्रॅम
नागरमोथा तेल: ०.८ ग्रॅम
वाळ्याचं तेल: ०.४ ग्रॅम
वेलचीचं तेल: ०.४ ग्रॅम

वजन करताना जड द्रव्यं आधी घाला: आयसो ई सुपर, वाळा, नागरमोथा, सीडारवुड. मिरी आणि एलेमी शेवटी, म्हणजे उघड्या बीकरमधून ती कमीत कमी उडतील. काचेच्या कांडीने हलक्या हाताने ढवळा, गडद काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा आणि आठवडाभर अंधारात ठेवा. पहिल्या दिवशी वेलची आणि एलेमी वेगवेगळी ओळखू येतात. आठवड्याने ती मिसळतात. त्याआधी सूत्र बदलायला जाऊ नका.

प्रत्येक घटकाचं कारण असं. एलेमीत लिमोनीन आणि फेलॅन्ड्रीन असल्यामुळे ती मिरीचा लिंबाळ माथा उचलते. ऑलिबॅनममध्ये बहुधा आल्फा-पायनीन भरपूर असतं, त्यामुळे मिरीशी त्याचा सांधा दिसत नाही आणि राळेचा मागचा भागही मिळतो. सीडारवुड आणि आयसो ई सुपर कोरडं लाकूड पुरवतात. मिरी उडाल्यावर नाकाला पोकळी जाणवत नाही ती यांच्यामुळे. वेलची फक्त थंडावा देते. तिचं प्रमाण दुप्पट केलं तर अकॉर्ड वेलचीचाच होतो. नागरमोथा ६ टक्क्यांच्या वर नेऊ नका, धुरकट मुळाचा वास सगळं झाकून टाकतो.

परफ्यूममध्ये किती

हा अकॉर्ड कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे अल्कोहोल घालण्याआधीच्या सुगंधद्रव्यांच्या मिश्रणात, १० ते २० टक्के घेता येतो. १५ टक्के घेतला तर कॉन्सन्ट्रेटमध्ये मिरीचं तेल साधारण ५ टक्के होतं, आणि मिरी स्पष्ट ओळखू येण्यासाठी तेवढं पुरेसं आहे. नुसती चाहूल हवी असेल, तर अकॉर्ड न घालता मिरीचं तेलच ०.५ ते १ टक्का वापरावं. गुलाबाच्या सूत्रात एवढीशी मिरी फार सुंदर काम करते: गुलाबाचा मधाळपणा सुकतो, पाकळी ताजी वाटते आणि मिरी आहे हे कोणाला कळतही नाही. मिरीचा हा उपयोग सर्वांत सुंदर, आणि नवशिक्यांकडून सर्वांत दुर्लक्षित. व्हॅनिलाचा किंवा टोन्का बीनचा चिकट गोडवा तोडायलाही १ ते २ टक्के पुरतात.

लिंबूवर्गीय तेलांबरोबर मात्र जपून. बर्गमॉट आणि मिरी एकाच वेगाने उडतात. सुरुवात झगमगते, पण विसाव्या मिनिटाला दोघंही गेलेली असतात. अशा सूत्रात वाळा किंवा लाकडाचा पाया नेहमीपेक्षा जास्त ठेवा.

सौम्य करणं आणि मुरवणं

३० ग्रॅम परफ्यूमसाठी ४.५ ग्रॅम कॉन्सन्ट्रेट आणि २५.५ ग्रॅम इथेनॉल, म्हणजे १५ टक्के. आसपास उघडी ज्योत नको. अल्कोहोलचा पहिला झणका कमी करण्यासाठी काही जण पाणी घालतात. मिरीच्या सूत्रात ते सहसा अंगाशी येतं: मोनोटर्पीन्स पातळ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाहीत आणि बाटली दुधाळ होते. पाणी घालायचंच असेल तर डिस्टिल्ड, एका वेळी १ टक्का, ढवळत, आणि एकूण ५ टक्क्यांच्या आत. धुकं दिसलं की थांबा आणि ते जाईपर्यंत थोडं इथेनॉल वाढवा.

तीन ते चार आठवडे अंधारात मुरवा. मग दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून, गार असतानाच फिल्टर पेपरमधून गाळा. कार्बन डायऑक्साइडचा अर्क वापरला असेल तर ही पायरी चुकवू नका. मेण आणि पायपरीन गारठ्यातच खाली बसतात.

बिघडलं तर

वास रंगाच्या डब्याकडे झुकला, तर पायनीन साचलं आहे. मिरी, ऑलिबॅनम, जुनिपर, सायप्रस ही सगळी एकाच सूत्रात आली की असं होतं. मिरी तशीच ठेवून बाकीच्यांतलं एक काढा. स्वयंपाकघराचा वास येत असेल तर दोष बहुधा मिरीचा नसून तिच्या सोबतच्या लवंगेचा, दालचिनीचा किंवा जिऱ्याचा असतो. एका सूत्रात मिरीखेरीज एकच मसाला, तोही मिरीच्या एक दशांशापासून सुरू करावा. मिरी लवकर विझत असेल तर आधी नागरमोथा आणि लाकडं वाढवून पाहा, मिरीला हात शेवटी लावा.

साठवण आणि त्वचा

हवेत पायनीन, लिमोनीन आणि कॅरीन यांचं ऑक्सिडीकरण होतं. तयार होणारे हायड्रोपेरॉक्साइड त्वचेला ॲलर्जी आणू शकतात; ताज्या तेलापेक्षा जुनं तेल म्हणूनच जास्त धोक्याचं. बाटलीच्या तोंडाशी चिकट कडा आली, तेल दाट वाटू लागलं, वासात टर्पेंटाइनचा शिळा सूर आला, की ते तेल त्वचेसाठी बाद समजावं. तेल आणताच लहान गडद बाटल्यांत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि एका वेळी एकच बाटली उघडा. ०.१ टक्का बीएचटी घातलं तर ऑक्सिडीकरण मंदावतं. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. वर्ष उलटल्यावर नव्या तेलाच्या पट्टीशेजारी जुन्याची पट्टी धरून फरक पाहा.

शुद्ध तेल थेट त्वचेवर लावू नका. तयार परफ्यूम कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून २४ तास थांबा. विक्रीसाठी बनवत असाल तर इफ्राच्या (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या) चालू मर्यादा आणि लेबलवर नोंदवायची ॲलर्जीकारक द्रव्यं तपासा. लिमोनीनबरोबर, नैसर्गिक तेलांत थोड्या प्रमाणात असलेलं लिनालूलही हिशेबात धरावं लागतं.