पार्लरमध्ये काम करताना गर्भधारणेची काळजी कशी घ्यावी : सुरुवात हवेपासून

लग्नसराईत लहानशा पार्लरमध्येही दिवसाला दोन-तीन केराटिन किंवा स्मूदनिंगची, म्हणजे केस सरळ आणि मऊ करण्याची, कामे येतात. केसांना द्रावण लावून त्यावरून तापलेले स्ट्रेटनर फिरवले की पांढुरका धूर उठतो, आणि तो खुर्चीत बसलेल्या ग्राहकाइतकाच मागे वाकून उभ्या असलेल्या मुलीच्या नाकाडोळ्यांतही जातो. ग्राहक हा धूर वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी घेते. काम करणारी तो रोज घेते.

केशकर्तन आणि सौंदर्यसेवेच्या व्यवसायातील स्त्रियांवर निरनिराळ्या देशांत अभ्यास झाले आहेत. त्यांपैकी काहींत गर्भपात, पाळीच्या तक्रारी आणि कमी वजनाची बाळे यांचे प्रमाण थोडे वाढलेले आढळले, तर काहींत तसे आढळले नाही. म्हणून घाबरून हातचे काम सोडण्याचे कारण नाही. मात्र काळजीची सुरुवात पाळी चुकण्याच्या आधीच व्हायला हवी. पाळी चुकून एक-दोन आठवडे होतात तोवर गर्भाच्या मेंदूची, कण्याची आणि हृदयाची घडण सुरू झालेली असते, आणि पुष्कळ जणींना तेव्हा कुठे आपल्याला दिवस गेल्याचे कळते.

पहिली पायरी बाटल्यांची आहे. एखाद्या निवांत दुपारी कपाटातील प्रत्येक बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढावा आणि घटकांची यादी मोठी करून वाचावी. केस सरळ करण्याच्या द्रावणांतून धुराबरोबर निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या घातक वायूचे नाव दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण फॉर्मॅलिन, मिथिलीन ग्लायकॉल किंवा मिथेनाल या नावांनीही तेच रसायन येते, आणि ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या द्रावणातून ते तापवल्यावर बाहेर पडू शकते. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ असे छापलेली काही उत्पादने वापरताना हवेत फॉर्माल्डिहाइड आढळल्याचा इशारा अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने २०११ मध्येच दिला होता. नेल पॉलिशमध्ये टोल्यूइन आणि डायब्युटिल थॅलेट या, गर्भाला अपाय करू शकणाऱ्या, रसायनांची नावे शोधावीत. जेल पॉलिश दिव्याखाली घट्ट करणारा टीपीओ हा घटक प्रजननास घातक या वर्गात गेल्यामुळे युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आहे. तो असलेली बाटली बदलून घ्यावी.

माल पुरवणाऱ्याकडे त्या उत्पादनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागावी. तिच्या दुसऱ्या विभागात इंग्रजी एच अक्षरापुढे ३६० किंवा ३६१ हा आकडा असेल, तर ते उत्पादन प्रजननक्षमतेला अथवा पोटातील बाळाला अपाय करणारे, किंवा तसा संशय असलेले, आहे असे समजावे. ३६२ हा आकडा अंगावर पाजणाऱ्या आईसाठी आहे.

आता हवा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष व थोडा पैसा इथेच घालावा. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. तो धूर बाहेर टाकत नाही. मी पाहिलेल्या एका पार्लरमध्ये एक्झॉस्ट पंख्यावर पुठ्ठा चिकटवलेला होता, कारण पंखा लावला की गारवा निघून जातो. तो गारवा फार महाग पडतो. सकाळी, अ‍ॅसिटोन (नेल पॉलिश काढण्याचे द्रावण) आणि स्प्रे यांच्या चटकन पेट घेणाऱ्या बाटल्या बंद करून दूर ठेवल्यावर, स्मूदनिंगच्या खुर्चीपाशी एक उदबत्ती लावावी आणि धूर कुठे जातो ते शांतपणे पाहावे. तो तुमच्या उभे राहण्याच्या जागेवरून पंख्याकडे जात असेल तर खुर्ची फिरवावी, म्हणजे ताजी हवा तुमच्या पाठीमागून येऊन धूर पुढे ओढला जाईल. धूर जागीच घुटमळत असेल तर समोरासमोरची दार-खिडकी उघडल्याशिवाय ते काम करू नये.

साधा मास्क किंवा एन ९५ मास्क नखे घासताना उडणारी भुकटी अडवतो, वाफ आणि वायू अडवत नाही. हे अनेकींना ठाऊक नसते, आणि मास्क लावला म्हणून त्या निर्धास्तपणे खिडकी बंद करतात.

हातांसाठी नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर) हातमोजे घ्यावेत, प्रत्येक ग्राहकानंतर बदलावेत आणि अ‍ॅसिटोन लागले तर लगेच काढावेत, कारण पातळ मोज्यातून ते लवकर आत शिरते. जेवणाचा डबा रसायनांच्या खोलीत उघडू नये. जेवण्याआधी साबणाने हात धुवावेत, आणि कामाचा अ‍ॅप्रन घरी तान्ह्या मुलाला घेण्याआधी उतरवावा.

मूल हवे असे ठरले की डॉक्टरांकडे जावे आणि फॉलिक आम्लाची गोळी विचारून सुरू करावी. साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम, तीही गर्भधारणेच्या आधीपासून. तपासणीच्या धावपळीत कामाचे स्वरूप विचारायचे राहून जाते, म्हणून ते स्वतःच सांगावे: कोणती कामे, दिवसाला किती तास, खोलीत खिडकी आहे की नाही. पाळीच्या तारखा आणि डोकेदुखी, मळमळ झालेले दिवस वहीत लिहून न्यावेत, बाटल्यांचे फोटो दाखवावेत. वर्षभर प्रयत्न करूनही, किंवा पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी एकाच वेळी करावी. सगळा दोष बाईच्या पार्लरवर टाकून नवऱ्याची वीर्यतपासणी टाळणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि त्यात मोलाचे महिने जातात.

दिवस गेल्याचे कळताच, निदान तेव्हापासून तरी, स्मूदनिंग आणि अ‍ॅक्रिलिक नखांचे काम दुसरीकडे द्यावे आणि थ्रेडिंग, कटिंग, फेशियल यांसारखी कामे मागून घ्यावीत. मालकीणबाईंशी हे बोलणे संकोचाचे वाटते, पण ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ अशी चिठ्ठी हाती असली की सोपे जाते. जिथे १० किंवा अधिक जण कामाला आहेत, तिथे प्रसूती लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेले असावे लागते. गर्भपात झाल्यास वैद्यकीय पुरावा देऊन ६ आठवड्यांची रजा मिळते, म्हणून हजेरीची नोंद आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. १० पेक्षा कमी जण असलेल्या पार्लरमध्ये या तरतुदी लागू होत नाहीत. तिथे रजेचे आणि कामाच्या अदलाबदलीचे लग्नसराई सुरू होण्याआधीच बोलून, शक्य असल्यास लिहून, ठरवून घ्यावे.