स्कँडिनेव्हियन घर हवंय? सुरुवात जमिनीपासून करा

स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आमच्याकडे पाहुणे आले की दोन दिवसांत हमखास विचारतात, "अशी खोली आम्हालाही करायची आहे, काय काय घ्यावं लागेल?" मग फोनमधली चित्रं दाखवतात: पांढऱ्या भिंती, करडा सोफा, मेंढीचं कातडं, कुंडीत एक झाड. मी त्यांना सांगते, खरेदीची यादी बाजूला ठेवा आणि पायाखाली बघा. स्वीडन-डेन्मार्कच्या जुन्या घरांत शिरल्यावर जो गारवा आणि उजेड जाणवतो, त्यातला अर्धा जमिनीमुळे असतो. पाइनच्या रुंद, फिकट फळ्या, चमक अजिबात नाही, आणि अनवाणी चाललं की धुतलेल्या सुती कापडासारखा स्पर्श. ही जमीन वार्निशची नसते, साबणाची असते.

स्वीडिशमध्ये या साबणाला 'सोपा' म्हणतात. आमच्या कोल्हापूरकडच्या घरात पुढच्या बैठकीच्या जागेला सोपा म्हणायचे आणि आजी तो दर आठवड्याला शेणाने सारवायची. शब्दांचं नातं काही नाही, पण कामाचं आहे. सारवलेल्या जमिनीसारखीच ही जमीनही एकदा करून संपत नाही, हाताखालून जात राहते तशी चांगली होत जाते. मी आजवर अशा सात जमिनी केल्या, दोन स्वतःच्या आणि पाच मैत्रिणींच्या. पहिली बिघडवली. ती का बिघडली, हे समजायला वर्ष गेलं, म्हणून हा लेख.

आधी काय बघायचं

आमचं घर मायोर्ना भागातल्या खास गोथेनबर्गी पद्धतीच्या इमारतीत आहे: खालचा मजला विटांचा, वरचे दोन लाकडाचे. अशा घरांत लिनोलियमच्या (जमिनीवर चिकटवायच्या जाड आच्छादनाच्या) दोन-तीन थरांखाली बहुतेक वेळा मूळ पाइनच्या फळ्या सापडतात. फळ्या खऱ्या आहेत ना, हे कोपरा उचलून बघा. वर जुना रंग असेल तर तासण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्या. शिशाची धूळ घरात उडवणं हा गंमतीचा विषय नाही, विशेषतः रांगतं मूल असेल तर. ओकची जमीन असेल तर पुढची क्षाराची पायरी करूच नका. ओकमध्ये टॅनिन भरपूर असतं, क्षार लागला की तो काळा-तपकिरी पडतो.

तासणी

खिळ्यांची डोकी फळीच्या खाली ठोका, मशीन भाड्याने आणा, ४० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८०, मग १२०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. १२०च्या पुढे जाऊ नका. फार गुळगुळीत केलेलं लाकूड साबण पीत नाही.

यानंतर सगळी जमीन ओल्या फडक्याने पुसून रात्रभर वाळू द्या. पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि सकाळी हात फिरवला तर खरखर लागते. १२० नंबरने हलकासा हात फिरवला की ते निघून जातात आणि पुन्हा फारसे उठत नाहीत. ही पायरी वगळून पुढे गेलात तर साबण लावल्यावर खरखर उठेल आणि मोजे फाटतील.

क्षार: इथेच घात होतो

पाइन उघडं ठेवलं की उजेडाने पिवळं, मग नारिंगी पडतं. ते होऊ नये म्हणून साबणाआधी क्षाराचा हात देतात. दुकानात तयार द्रावण मिळतं: पातळ, कॉस्टिक सोड्याच्या जातीचं, त्यात थोडा पांढरा रंग मिसळलेला. लाकडातल्या द्रव्यांशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि फळी फिकट राहते. वरून दिलेला हा रंग नव्हे, म्हणूनच चूक झाली तर ओल्या फडक्याने पुसून टाकता येत नाही.

माझ्या पहिल्या जमिनीचं काय झालं ते सांगते. खोली वीस चौरस मीटरची. मी खिडकीकडून सुरुवात केली, ब्रशने आडवे हात मारत अर्ध्या खोलीपर्यंत आले आणि पुण्याहून आईचा फोन आला. वीस मिनिटं बोलले. परत आले तेव्हा अर्ध्या भागाची कड वाळली होती. तिथून पुढे लावत गेले, आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या बरोबर मध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत एक पट्टा उमटला. जिथे वाळलेल्या कडेवर दुसरा हात बसला तिथे दुप्पट पांढरा. शिवाय डबा मी सुरुवातीला एकदाच हलवला होता. पांढरा रंग तळाशी बसला, म्हणून खिडकीकडचा भाग पिवळसर आणि दाराकडचा चुना लावल्यासारखा. दुकानातल्या माणसाने सांगितलं, वरून वार्निश मारा, दिसणार नाही. मारलं. पट्टा अधिकच उठून दिसला आणि आता साबण शिरायला जागा उरली नाही. ती जमीन मला पुन्हा पहिल्यापासून तासावी लागली.

त्यानंतर ठरवलेले नियम असे, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही.

खोलीची रुंदी बघायची नाही, फळीची लांबी बघायची. एका वेळी दोन किंवा तीन फळ्या घ्यायच्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न थांबता पूर्ण करायच्या. मग पुढच्या दोन-तीन. हात जोडला जातो तो नेहमी दोन फळ्यांच्या फटीवर, फळीच्या मधोमध कधीच नाही. त्यामुळे थोडा फरक पडलाच तरी तो फळीफळीतला नैसर्गिक फरक वाटतो. फोन बंद. कुणीतरी दुसरं माणूस सोबत असलेलं उत्तम: एकाने लावायचं, दुसऱ्याने डबा हलवत राहायचं. मी दर चौथ्या-पाचव्या फळीला काठीने तळ खरवडून ढवळते. दोन डबे लागणार असतील तर आधीच एका मोठ्या बादलीत एकत्र करा, कारण दोन डब्यांत रंगाचा थोडा फरक निघू शकतो. सुरुवात दाराच्या समोरच्या भिंतीपासून, शेवट दाराशी.

बादली प्लास्टिकची घ्या. ॲल्युमिनियमची चालणार नाही, क्षार ती खातो. ब्रश नायलॉनचा, नैसर्गिक केसांचा विरघळायला लागतो. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल, यात तडजोड नाही. कातडीवर उडालं तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा. मुलं आणि मांजर त्या दिवशी दुसऱ्यांच्या घरी.

लावताना खोली भयंकर दिसेल, हिरवट-पिवळी, डागडागांची. घाबरू नका आणि ओल्या जमिनीवर दुरुस्ती करू नका. सकाळपर्यंत वाळू द्या. वर पांढरी भुकटी राहते ती मऊ पॅडने हलकी घासून, तोंडाला मास्क लावून, व्हॅक्यूमने उचलून घ्या. इथे लोखंडी काथ्या वापरायचा मोह होतो. तो आवरा. त्याचे बारीक कण फटींत अडकतात आणि पहिल्या ओल्या पुसण्यानंतर गंजाचे तांबूस ठिपके उमटतात.

साबण

डेन्मार्कमध्ये साबणाचा कीस वापरतात, स्वीडनमध्ये जास्त करून जवसाच्या तेलाचा पातळ साबण. दोन्ही चालतात. चालत नाही ते डिटर्जंट, सुगंधी लिक्विड आणि 'लाकडासाठी खास' म्हणून विकली जाणारी मेणाची मिश्रणं. खरा साबण तेल आणि क्षार यांपासून होतो, त्यातली चरबी लाकडाच्या छिद्रांत बसते आणि मळाला आत शिरू देत नाही. डिटर्जंट उलट ती चरबी धुऊन काढतो.

माझं माप: सुरुवातीला लिटरभर गरम पाण्याला पन्नास ग्रॅम कीस. आधी थोड्या उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग बाकीचं पाणी. कोमट असताना लावा, पाच मिनिटं थांबा, उरलेला ओलावा पिळलेल्या फडक्याने रेषेच्या दिशेने पुसून घ्या. वाळू द्या. असे चार हात. चौथ्या हातानंतर जमिनीवर तळवा टेकून बघा, कोरडं लाकूड लागत नाही, किंचित रेशमी लागतं. तिथे थांबा. पुढे नेहमीच्या पुसण्याला दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम पुरतो, आणि शेवटी साध्या पाण्याने धुवायचं नाही. साबण मागे राहायलाच हवा.

पाणी जड असेल तर साबणाचा करडा थर बसतो. गोथेनबर्गला हा त्रास नाही, पण गोटलंड बेट सगळं चुनखडीचं, तिथल्या मैत्रिणीकडे आम्ही गाळलेलं पावसाचं पाणी वापरलं.

भिंती, उजेड, बाकीचं

भिंतींना मॅट रंग द्या. पांढराच हवा असं मुळीच नाही. सगळं पांढरं-करडं म्हणजे स्कँडिनेव्हियन, ही समजूत जाहिरातींची आहे. स्वीडनच्या दालार्ना भागातल्या सुंडबोर्न गावी कार्ल आणि कारिन लार्सन या चित्रकार दांपत्याचं घर आहे, कारिनच्या वडिलांनी १८८८ साली दिलेलं, आज लोकांना बघायला खुलं. तिथे लाल आहे, हिरवा आहे, कारिनने स्वतः विणलेली कापडं आहेत. स्टॉकहोममध्ये १९२४ साली एस्ट्रिड एरिक्सनने स्वेन्स्क्ट टेन हे दुकान सुरू केलं, आणि पुढे डिझायनर योसेफ फ्रँकने त्याच्यासाठी काढलेली फुलापानांची कापडं आजही स्वीडिश बैठकीत दिसतात. जमीन फिकट आणि शांत असली की वर इतका रंग खपतो.

डिसेंबरात आमच्याकडे दिवस जेमतेम साडेसहा तासांचा, म्हणून दिव्यांकडे लक्ष द्यावंच लागतं. छताच्या मध्यावरचा एक झगझगीत दिवा बंद करा. त्याऐवजी पाच-सहा छोटे, उबदार पिवळसर उजेडाचे, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येतील असे. जेवणाच्या टेबलावरचा दिवा टेबलापासून साधारण साठ सेंटिमीटर वर, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसतं आणि बल्ब डोळ्यांत जात नाही. डॅनिश डिझायनर पॉल हेनिंगसेनचा १९५८चा पीएच ५ हा दिवा नेमका याच विचाराने केलेला आहे, कुठूनही बघा, बल्ब दिसत नाही. एक दिवा खिडकीत ठेवा. तो रस्त्यावरून येणाऱ्यासाठी असतो.

जमिनीवर लोकरी गालिचा पसरून ती झाकू नका. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून मागावर विणलेल्या सतरंज्या इथे घरोघरी असतात. त्या घाला, चालण्याच्या वाटेवर, लांबट. आपली गोधडी शिवलेली, ही विणलेली, एवढाच फरक. पादत्राणं दाराबाहेर, हे मराठी माणसाला सांगायला नको आणि स्वीडिश माणसालाही नको.

डाग

वाइन, कॉफी, तूप: लगेच घट्ट साबण लावून झाडाच्या मुळांपासून केलेल्या ताठ ब्रशने घासा, निघतं. हळदीचं मात्र वेगळं. एकदा आमटीचं पातेलं कलंडलं, मी साबण लावला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. क्षार लागला की हळद लाल होते, जुनं कुंकू याच तऱ्हेने करत. मी घाबरून तासायला निघाले होते. तासू नका. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. सतरंजी बाजूला करून ती फळी खिडकीच्या उन्हात उघडी ठेवा. माझा डाग जूनमधल्या लांब दिवसांत दोन आठवड्यांत फिकटला आणि तिसऱ्या आठवड्यात शोधून सापडेना.

पुण्या-मुंबईत फरशी असेल तर ती उखडू नका आणि लाकडाचा छाप मारलेलं प्लास्टिकही चिकटवू नका. पाइनच्या पेट्यांच्या फळ्यांचं टेबल करून घ्या, क्षाराची पायरी सोडा, नुसता साबण चार हात द्या. पावसाळ्यात हे काम काढू नका, दोन हातांमध्ये लाकूड वाळतच नाही. दिवाळीनंतर करा.