परदेशी डॉक्युमेंटरी इंटर्नशिपला निघताय? या चुका टाळा

मे महिना लागला की फोन सुरू होतात. "ताई, सिलेक्शन झालं! कॅमेरा कुठला घेऊ?" विमान बहुतेक वेळा दहा-बारा दिवसांवर आलेलं असतं. ऐकून आनंद होतो आणि धास्तीही वाटते, कारण पुढचं मला पाठ आहे. पोरगं फोर्टात बोरा बाजारात जाणार, आईवडिलांच्या पैशानं नवी बॉडी उचलणार आणि खोक्यासकट विमानात चढणार.

निघायच्या तोंडावर नवा कॅमेरा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी तीन महिन्यांसाठी मनिलाला गेली. कॅमेरा निघायच्या चार दिवस आधी घेतलेला. पहिल्याच आठवड्यात तिनं तीन बायकांच्या मुलाखती घेतल्या, एका वस्तीतल्या सामूहिक स्वयंपाकघरात, ट्यूबलाइटखाली. इथं शिकली होती तसंच सगळं: सेकंदाला २५ फ्रेम, शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड आत येण्याचा वेळ) १/५० सेकंद. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काही जाणवलं नाही. रात्री लॅपटॉपवर लावलं तर तिन्ही मुलाखतींत उजेड थरथरतोय, चेहऱ्यांवरून काळसर पट्टे सरकताहेत. माझा फोन वाजला तेव्हा आपल्याकडे साडेदहा वाजले होते, तिकडे रात्रीचा एक. "ताई, कॅमेरा खराब निघाला का?" आवाज रडवेला.

कॅमेरा ठणठणीत होता. आपली वीज ५० हर्ट्‌झची, फिलिपिन्सची ६०, म्हणजे सेकंदाला तितकी आवर्तनं. ट्यूब आणि स्वस्त एलईडी त्याच्या दुप्पट वेळा मंद-तेज होत असतात, म्हणजे इथं सेकंदाला १०० वेळा आणि तिथं १२० वेळा. १/५० च्या शटरमध्ये इथं असे बरोब्बर दोन फेरे मावतात. तिथं दोन पूर्ण आणि तिसरा अर्धवट, म्हणून प्रत्येक फ्रेमला उजेड वेगळा. शटर १/६० ठेवलं असतं तर काम निभावलं असतं. फ्लिकर, म्हणजे उजेडाची ही थरथर, कमी करायची सोयही मेन्यूत होती, पण तो मेन्यू तिनं एकदाही नीट उघडून पाहिला नव्हता. दोन बायका पुन्हा बोलल्या. तिसरी तोवर गावी निघून गेली होती आणि तिचं बोलणं सगळ्यात मोलाचं होतं. ही गोष्ट मी तिला आधी सांगायला हवी होती, म्हणून आता जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. अमेरिका, दक्षिण कोरिया, तैवान इथं ६०. युरोप, केनिया, नेपाळ इथं ५०. जपानात तर टोकियोत ५० आणि ओसाकात ६०.

उपाय एकच, हात बसलेला जुना कॅमेरा न्या. नवा घ्यायचाच असेल तर निदान दोन महिने आधी घ्या आणि रोज वापरा. मी मुलांना पहाटेच्या पहिल्या लोकलनं दादरच्या फूलबाजारात बोलावते. झेंडूच्या गोण्या डोक्यावर घेऊन माणसं धावत असतात, खाली चिखल, वर एलईडीचे दिवे, "बाजू, बाजू" चालू असतं. तिथं सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) लावून दहा फोटो काढले की पट्टे म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. कॅमेऱ्याकडे न बघता आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) बदलता आला पाहिजे, अंधारात कार्ड बदलता आलं पाहिजे. आणि सकाळभरात फक्त बारा फ्रेम काढायच्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला ज्या रॉलिफ्लेक्स या फिल्म कॅमेऱ्यावर काम करायच्या, त्याच्या एका रोलवर बाराच बसतात.

"रॉ मध्ये काढलंय, नंतर लाइटरूममध्ये बघू" हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका. रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, लाइटरूम म्हणजे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर. हललेला हात आणि चुकलेला क्षण कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होत नाही.

नावं न लिहिणं

ही चूक माझी स्वतःची. २०१५ च्या भूकंपानंतर मी नेपाळमध्ये, सिंधुपाल्चोकला होते. एक म्हातारे गृहस्थ पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून एकेक वीट काढून पुसून रचत होते. त्या आठवड्यातला माझा सगळ्यात चांगला फोटो तो. त्यांच्याकडे चहाही प्यायले, पण नाव विचारलं नाही. दोन महिन्यांनी जिथं फोटो द्यायचा होता तिथून विचारणा झाली: हे कोण, गाव कुठलं, छापायला त्यांची हरकत नाही ना? माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. फोटो छापला गेला नाही, आणि ते योग्यच झालं. नेपाळीही देवनागरीतच लिहितात. वही पुढं केली असती तर त्यांनी स्वतः किंवा घरातल्या कुणी नाव लिहून दिलं असतं, आणि मला ते वाचताही आलं असतं.

तेव्हापासून खिशात छोटी वही असते. फोटो काढला की वही समोरच्याच्या हातात देते. ज्यानं त्यानं आपल्या लिपीत नाव लिहायचं, शेजारी मी उच्चार आणि गाव लिहिते. मग लगेच त्या पानाचा फोटो, म्हणजे कार्डावर माणूस आणि नाव शेजारीशेजारी राहतात. कॅप्शन त्याच रात्री लिहायचं. आठवडाभरानं लिहू म्हणणाऱ्यांचं लिहून झालेलं मी पाहिलेलं नाही. कॅमेऱ्याचं घड्याळही उतरल्या उतरल्या लावा. नेपाळ आपल्या पंधराच मिनिटं पुढं आहे, पण दोन कॅमेऱ्यांच्या फायली लावताना तेवढ्यानंही क्रम बिघडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, त्या केबिनमध्येच न्यायच्या. साधारण १०० वॉट-अवरपर्यंत अडचण येत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ च्या आसपास भरते. बॅटरीच्या टोकांना टेप लावा.

कार्ड भरलं म्हणून रिकामं करू नका. दोन हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय मी फॉरमॅट करत नाही, आणि त्या दोन डिस्क एका बॅगेत ठेवत नाही.

पावसाळाभर कपाटात चामडी पाउचमध्ये पडलेली लेन्स तशीच उचलून नेऊ नका. टॉर्च मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. माझ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत असतात. नारिंगी दाणे हिरवे झाले की बदलते.

ड्रोन घरीच ठेवा. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये तो विमानतळावरच काढून घेतात.

निघताना कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. कॅमेरा आणि लेन्सचे सीरियल नंबर त्यावर लिहिले जातात, म्हणजे परतताना ड्युटीचा वाद होत नाही. बिलांच्या प्रती जवळ हव्यात आणि हातात तासभर जास्त हवा. हा सल्ला सगळे ऐकतात आणि उशिरा निघाल्यामुळे निम्मे जण तसेच विमानात बसतात.

आणि लेन्स पाच नकोत. ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या दोन पुरतात. पटत नसेल तर पूर्ण भरलेली बॅग पाठीवर घेऊन संध्याकाळी सात वाजता दादर स्टेशनचा पूल चढा, उतरा, पुन्हा चढा. घरी येऊन बॅग उघडा आणि जे नको वाटेल ते बाहेर काढा.